सागरमाळ पडून नाही

प्रति,
शिवाजी विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेचे आणि अधिसभेचे सर्व सदस्य,
तसेच कोल्हापूर महानगरपालिकेचे आयुक्त, पदाधिकारी आणि नगरसेवक यांस,

स.न.वि.वि.

निवृत्त झाल्यापासून मी रोज पहाटे सागरमाळावरच्या विद्यापीठाच्या आवारात फिरायला येतो. परवा फिरणं आटोपून बाहेरच्या गाड्यावर चहा घेत होतो. शेजारचा एक जण म्हणाला, "आठशे त्रेपन्न एकर पडलंय की तिथं. त्यातलं पन्नास एकर महापालिकेला दिलं म्हणून काय विद्यापीठ बुडतंय व्हय?" बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. त्यांत वाईट माणूस कुणीच नव्हता. एकाच्या नातवाला खेळायला मैदान नाही, दुसऱ्याच्या पेठेत गाडी लावायला जागा नाही. तिसरा पुरात दोनदा घर सोडून बाहेर पडलेला. मी चहा तसाच ठेवून घरी आलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

असा काही प्रस्ताव आज कागदावर आला आहे, असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या गावात गोष्ट आधी कट्ट्यावर शिजते आणि कागद मागाहून येतो. कागद आल्यावर बोलणाऱ्याला विरोधक म्हणतात. त्याच्या आधी बोललं तर निदान ऐकून घेतील, या आशेनं लिहितो आहे. मी विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आहे, नोंदणीकृत पदवीधर मतदार आहे आणि महापालिकेची घरफाळ्याची पावती दरवर्षी वेळेवर फाडणारा नागरिकही आहे. म्हणून हे पत्र तुम्हा दोघांनाही लिहिलं आहे.

मागणी एकच आहे. विद्यापीठाच्या जमिनीची आणि इमारतींची मालकी शहराच्या नावावर करू नका. वापराची गरज असेल तर त्यावर बोलू. पण सातबारा किंवा मिळकत पत्रिका, ज्यावर विद्यापीठाचं नाव आहे, त्यावर दुसरं नाव चढू देऊ नका.

"पडून आहे" हा शब्द मला त्या दिवशी टोचला, कारण हा माळ खरोखर पडून होता तेव्हाची माणसं मी पाहिली आहेत. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन झालं, तेव्हा सागरमाळ म्हणजे मुरुम, कुसळी गवत आणि वारा. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे अभ्यासक. त्यांनी मोजून-मापून नव्हे, पुढच्या शंभर वर्षांचा विचार करून जागा धरली. एवढा मोठा माळ कशाला, असं तेव्हाही म्हणणारे होतेच, असं आमचे शिक्षक सांगायचे. आप्पासाहेबांनी उत्तर म्हणून झाडं लावली.

मी भुदरगडकडच्या एका वाडीतून इथं एम.एस्सी.ला आलो ते ऐंशीच्या दशकात. घरून पैसे येण्याची सोय नव्हती. कमवा आणि शिका योजनेत शिरलो आणि माझ्या वाट्याला बागेचं काम आलं. सकाळी दोन तास पाइप ओढत रोपांना पाणी घालायचं, मग आंघोळ करून वर्गात. मुरुमात खड्डा घ्यायचा म्हणजे पहार उडून अंगावर यायची. उन्हाळ्यात शंभर रोपांतली किती जगतील याचा भरवसा नसायचा. मेलेलं रोप उपटून त्याच खड्ड्यात दुसरं लावायचं, असं तीन-तीनदा केलेलं आहे. आज त्याच रस्त्यावर सावली आहे, पहाटे मोर ओरडतात आणि शहरातली शेकडो माणसं तिथं चालायला येतात. त्या सावलीला कुणी "पडून आहे" म्हटलं की मला माझ्या हातावरचे घट्टे आठवतात.

माझा विषय वनस्पतीशास्त्र, म्हणून आणखी एक सांगतो. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात पश्चिम घाटातली कंदीलपुष्पं जपलेली आहेत. सेरोपेजिया हे त्यांचं शास्त्रीय नाव. यांतल्या काही जाती इतक्या थोड्या कड्यांवर उरल्या आहेत, की एखादी दरड कोसळली तर जात संपेल. वर्षातले बरेच महिने हे झाड मातीखाली कंदाच्या रूपात असतं. वर काही दिसत नाही. उन्हाळ्यात तिथून जाणाऱ्या माणसाला ती नुसती मोकळी माती वाटते. मोजणीला आलेला माणूस त्या तुकड्यावर "रिकामी जागा" असंच लिहील आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही, कारण त्याच्या फॉर्मवर कंदासाठी रकाना नसतो.

पाण्याचंही तसंच आहे. विद्यापीठानं आवारात तळी राखली, विहिरी जपल्या, माळावर पडणारं पावसाचं पाणी अडवून स्वतःची गरज भागवायची शिस्त लावून घेतली. हे पाणी मुरतं ते मोकळ्या जमिनीत. उताराच्या वरच्या अंगाला पन्नास एकरांवर काँक्रीट ओतलं तर खालच्या तळ्यात काय येईल, हे शेतकऱ्याच्या कुठल्याही मुलाला कळतं.

आता महापालिकेची बाजू. ती खोटी नाही, हे मी आधी कबूल करतो. कोल्हापूर नगरपालिका १८५४ सालची, महानगरपालिका १९७२ मध्ये झाली, आणि हद्द अजून ६६.८२ चौरस किलोमीटरच आहे. हद्दवाढीचा प्रस्ताव गेला की शेजारच्या गावांचा विरोध होतो, आणि त्यांच्याही भीतीला कारणं आहेत. पश्चिमेला आणि उत्तरेला पंचगंगा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानं सांगितलं, की त्या अंगाला आता घरं वाढवायची नाहीत. म्हणजे शहर पूर्वेकडं सरकणार, चढाकडं, महामार्ग आणि उजळाईवाडीच्या विमानतळाकडं. आणि तिकडं वाटेत सागरमाळ आहे. शहराची नजर तिथं जाणं स्वाभाविक आहे. तुमच्या जागी मी असतो तर मीही तिकडं पाहिलं असतं.

दुसरं कारण पैशाचं आहे. विकास आराखड्यात खाजगी जमिनीवर आरक्षण टाकता येतं, पण ती ताब्यात घ्यायला मोबदला लागतो. प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. बागेसाठी, मैदानासाठी, दवाखान्यासाठी ठेवलेल्या जागा महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांनी अशाच हातच्या घालवल्या. मग उरते ती सरकारी किंवा विद्यापीठाची जमीन. तिचा मालक नोटीस घेऊन कोर्टात जाणारा नसतो, एकाच सरकारची दोन लेकरं म्हणून वरून समजूत घातली की काम होतं. पण खाजगी मालकापुढं हात टेकले म्हणून विद्यार्थ्याच्या जमिनीवर हात टाकायचा, हा न्याय मला पटत नाही.

माझी खरी भीती मात्र पहिल्या हस्तांतराची नाही. ती दुसऱ्या हस्तांतराची आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे विद्यापीठाला मालमत्ता धारण करता येते, भाडेपट्ट्यानं देता येते, विकताही येते. पण राज्य सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय ती भाडेपट्ट्यानं देता किंवा विकता येत नाही, आणि ती मालमत्ता विद्यापीठाच्या प्रयोजनासाठी असते. हे कुंपण आहे. आज एखादा तुकडा शहराच्या नावावर झाला की तो या कुंपणाबाहेर जातो. तिथं महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ लागू होतं. त्याप्रमाणे महापालिकेची मंजुरी घेऊन आयुक्त जमीन भाडेपट्ट्यानं देऊ शकतात, विकू शकतात, आणि किंमत चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये. कायदा चांगल्या हेतूनं केलेला आहे, पालिकेचं नुकसान होऊ नये म्हणून. पण त्याचा अर्थ असा, की विद्यापीठानं फुकट किंवा नाममात्र दरानं दिलेली जमीन पालिकेच्या इस्टेट विभागात आली की तिला बाजारभाव चिकटतो. दहा वर्षांनी तिजोरी रिकामी असेल तेव्हा त्या बाजारभावाचा मोह आवरणारा आयुक्त किंवा महापौर तिथं असेलच, याची हमी आज तुमच्यापैकी कोण देणार?

टेंबलाईवाडी आठवा. शहरातल्या रस्त्यांच्या प्रकल्पात ठेकेदार कंपनीला तिथला सुमारे ३० हजार चौरस मीटरचा भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिला गेला. पुढं टोल आला, शहर पेटलं. एन. डी. पाटील सर आणि गोविंदराव पानसरे यांच्यामागं आबालवृद्ध रस्त्यावर उतरले, त्यात मीही होतो. २०१५ संपता संपता टोल रद्द झाल्याचं जाहीर झालं. त्या मोर्चांत माझ्यासारख्या अनेकांना पहिल्यांदा कळलं, की रस्त्याच्या करारात जमीनही गेली आहे. करारावर सह्या होऊन वर्षं लोटली होती.

आणि फार मागं जायचं तर वरुणतीर्थ आणि कपिलतीर्थ ही तळी होती. आज एकाचं गांधी मैदान आहे, दुसऱ्याची मंडई. त्या काळाच्या गरजा खऱ्या असतील, मी दोष देत नाही. पण दर पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साचतं तेव्हा जुनी माणसं म्हणतात, तळं आपली जागा मागतंय. जमिनीचा उपयोग एकदा बदलला की तो मागं फिरत नाही, हे या शहराइतकं कुणाला माहीत असावं?

मला हे स्वतःच्या अनुभवातून कळलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

मी एका तालुक्याच्या गावी अठ्ठावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं. गावाचं नाव घेत नाही. शाळेला लागून मोठं मैदान होतं. तिथल्या स्थानिक संस्थेनं विचारलं, आठवड्याचा बाजार रस्त्यावर भरतो, अपघात होतात, तर आठवड्यातून एक दिवस मैदान द्याल का? मागणी रास्त होती. बाजारात येणाऱ्या बायका आमच्याच विद्यार्थ्यांच्या आया होत्या. शाळा समितीत शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी होतो. कुणीतरी म्हणालं, नुसत्या वापराचा ठराव केला तर त्यांना ओटे बांधायला निधी मिळत नाही, नावावरच करून द्या, जागा काय पळून जातीय? ठराव झाला. मी सही केली. मुदत किती, काम संपल्यावर जागा परत कशी येणार, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. समोर बसलेली माणसं ओळखीची होती, त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणून मी बोललो नाही.

पहिल्या वर्षी ओटे झाले. तिसऱ्या वर्षी ओट्यांवर पत्रे आले. मग ते पत्रे रोज उघडे राहू लागले. सहाव्या-सातव्या वर्षी रस्त्याच्या कडेनं गाळे उभे राहिले, त्यांचा लिलाव झाला आणि ज्या बायका टोपली घेऊन यायच्या त्यांच्यापैकी एकीलाही गाळा मिळाला नाही. त्या पुन्हा रस्त्यावर बसू लागल्या. शाळेच्या वाट्याला गाळ्यांची मागची भिंत आली. आमच्या मुलींचा खो-खोचा संघ जिल्ह्यात नावाजलेला होता, तो सरावाला जागा नाही म्हणून मोडला. शेवटच्या वर्षीची कप्तान मला विचारायला आली, "सर, आता कुठं खेळायचं?" मी तिला म्हणालो, बघू. ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी तिनं शाळा सोडली, लग्न झालं. मैदान असतं तर लग्न थांबलं असतं असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी मी तिच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही, हे खरं आहे. त्या व्यवहारात कुणी लाच घेतली नाही, कुणी खोटं बोललं नाही. सगळे भलेपणानंच वागले.

म्हणून पेठेतला किंवा कट्ट्यावरचा कुणी म्हणतो, "दिलं तर काय बिघडतंय", तेव्हा मला माझी सही दिसते.

इमारतींबद्दल थोडक्यात. वर्ग, प्रयोगशाळा, वसतिगृह यांचं भिंती-छप्पर देता येतं, पण ती इमारत चालवणारं खातं देता येत नाही. शहराकडं सांभाळायच्या वास्तू आधीच पुष्कळ आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं नाट्यगृह, आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा सगळं शहर हळहळलं. हातात आहे ते नीट उभं करायला लागणारी ताकद कमी नाही. त्यावर आणखी भार घेण्याआधी पालिकेनं स्वतःला विचारावं. मेन राजाराम हायस्कूलच्या इमारतीत यात्री निवास करण्याची चर्चा निघाली होती, तेव्हा माजी विद्यार्थी कसे धावून आले, हेही आठवावं. शाळेच्या जागी शाळाच हवी, हे या शहराला शिकवावं लागत नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून शाहू महाराजांनी वसतिगृहांना जागा दिल्या, इमारती दिल्या, उत्पन्नं लावून दिली. इथं सत्तेकडून शिक्षणाकडं जमीन गेली. ती वाट उलटी फिरवायची तर कारण तेवढंच मोठं हवं.

"पर्यायी जागा देऊ" हेही ऐकू येतं. शेंडा पार्कातली कृषी विद्यापीठाची जमीन आयटी पार्कसाठी मागितली गेली तेव्हाही ती भाषा झाली. मला आयटी पार्कचं वावडं नाही, आपली पोरं पुण्याला जाऊन भाड्याच्या खोलीत राहतात ते मीही पाहतो. पण ज्या वाफ्यात वर्षानुवर्षं एकच प्रयोग चालू आहे, त्याला पर्यायी वाफा नसतो. माती वेगळी, आधीच्या नोंदी निरुपयोगी, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एकराला एकर दिला की हिशेब मिटला, असं शेतीच्या जमिनीतही होत नाही, मग संशोधनाच्या जमिनीत कसं होईल?

आता विद्यापीठाला दोन शब्द. तुमचंही चुकतं. आवार मोठं आहे म्हणून निवांत राहू नका. एखादी इमारत वर्षानुवर्षं कुलूपबंद ठेवलीत, कडेच्या जमिनीकडं फिरकला नाहीत, तर शेजारच्याची नजर जाणारच. हैदराबादच्या विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांवर २०२५ मध्ये बुलडोझर चालले, विद्यार्थी आडवे झाले, शेवटी सर्वोच्च न्यायालयाला झाडतोड थांबवावी लागली. त्या भांडणाच्या मुळाशी जमीन कागदावर कुणाची, हाच प्रश्न होता. तेव्हा आपल्या ८५३ एकरांतल्या प्रत्येक गटाचा उतारा, मोजणीचा नकाशा, कुठं कसला विभाग, कुठं पाणी, कुठं झाडोरा, पुढच्या पंचवीस वर्षांत कुठं काय उभं राहणार, हे सगळं लोकांसमोर मांडा. कडेला अतिक्रमण असेल तर तेही लपवू नका. लोकांना कळलं की लोकच राखणदार होतात.

आणि दार उघडा. शहराला मैदान हवं आहे ना? सकाळी-संध्याकाळी शहरातल्या शाळांच्या संघांना वेळ ठरवून द्या. पुराच्या काळात निवारा हवा असेल तर कुठली सभागृहं, किती दिवस, खर्च कुणाचा, हे पालिकेशी आजच लिहून ठेवा. पाण्याची टाकी किंवा जलवाहिनी न्यायची असेल तर तेवढ्याच पट्ट्याच्या वापराचा हक्क द्या, मालकी नको. मुदत लिहा. ठरलेलं काम दोन वर्षांत सुरू झालं नाही किंवा उपयोग बदलला तर जागा आपोआप परत, हे पहिल्या पानावर लिहा. पोटभाडेकरू चालणार नाही, हेही लिहा. ओळखीच्या माणसांसमोर हे लिहायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. तरी लिहा.

पालिकेनंही एक करावं. आपल्या मालकीचे सगळे भूखंड, मुदत संपलेले भाडेपट्टे, गाळ्यांची थकलेली भाडी, विकास आराखड्यातली न घेतलेली आरक्षणं यांची यादी प्रभागानुसार जाहीर करावी. त्यातून मैदानाला आणि पार्किंगला किती जागा निघते ते नागरिकांना पाहू द्यावं. ती यादी वाचून झाल्यावरही शहराला सागरमाळाशिवाय गत्यंतर नाही असं दिसलं, तर मी स्वतः अधिसभेपुढं येऊन वापराच्या कराराच्या बाजूनं बोलेन.

अधिसभेच्या सदस्यांनो, विद्यापीठाच्या आर्थिक अंदाजांना मंजुरी देणं आणि समाजाचं म्हणणं विद्यापीठापर्यंत पोचवणं हे काम कायद्यानं तुमच्याकडं आहे. जमिनीचा कुठलाही विषय ऐनवेळचा विषय म्हणून घेऊ देऊ नका. कागद निदान महिनाभर आधी सगळ्यांना वाचायला मिळू दे.

त्या तालुक्याच्या गावातल्या ठरावाची नक्कल मी जपून ठेवली आहे. दीड पान आहे, खाली सात सह्या, पाचवी माझी. काय काय लिहायचं राहून गेलं ते मी लाल पेनानं समासात लिहून ठेवलं आहे. तुमच्यापैकी कुणाला असा मसुदा करण्याची वेळ आली तर कळवा, मी आणून देतो.

आपला,
विद्यापीठाचा एक माजी विद्यार्थी,
कोल्हापूर